खरपुडीच्या शेंगा पिकेपर्यंत

२५ ऑगस्ट १९९६

सरांनी ही डायरी जूनमध्ये दिली. रोज दोन ओळी तरी लिही म्हणाले, मी हो म्हटलं, आणि आज पहिलं पान उघडतोय. आधी पेन नव्हतं. पेन आलं तर पाऊस असा की वही पिशवीतून काढवेना. पाऊस उघडला तेव्हा कंटाळा आला. खरं कारण तेच, कंटाळा. डायरी गेल्या वर्षीची आहे, कुठल्यातरी खतवाल्याने फुकट वाटलेली, त्यामुळे वार सगळे चुकीचे. वाराकडे बघायचं नाही असं ठरवलंय.

काय लिहायचं तेही माहीत नाही. सर म्हणाले, "जे दिसतं ते." दिसतं पुष्कळ.

मी मिथुन. माझं घर पेणला, रामवाडीत. दहावी दोनदा बसलो, दोनदा उठलो. गणपतीच्या कारखान्यात पॉलिशपेपर घासला, एक हंगाम मिठागरात काढला, मग ट्रकवर क्लीनर. आई म्हणते याच्या पायाला भिंगरी लागलीय, दादा म्हणतो डोक्याला. सध्या रोह्याला, वरसे गावाच्या मागच्या वाडीत अनिताताईकडे राहतो. दाजी कंपनीत शिफ्टला असतात. ताईला डिसेंबरात बाळ होणार. घरावर राज्य तिच्या सासूचं, ठमाबाईचं. मी तिला मावशी म्हणतो.

आणि काम काय, तर वेल राखायचे. वाडीच्या वर माळ आहे, त्याच्या उगवतीच्या उतरणीवर खरपुडीचे सात वेल. भाटे सर पेणच्या कॉलेजात झाडांचं शिकवतात, त्यांना ते गेल्या साली सापडले. ते सांगतात की ही जात दुसरीकडे कुठे उरलीय की नाही त्यांना माहीत नाही. एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, मला त्यातलं 'सिरो' एवढंच येतं.

आज एवढं पुरे. हात दुखला.

२८ ऑगस्ट

फुलं आली. बघितल्याशिवाय खोटं वाटेल. बोटाएवढा कंदील, खाली फुगलेला, मधे नळी, वर पाच पट्ट्या एकत्र जुळून टोपी झालेली. बारीक माशी आत शिरते, तिला बाहेर येता येत नाही. आत केस असतात म्हणे, खाली वळलेले. एक दोन दिवसांनी फूल मान टाकतं तेव्हा माशी सुटते आणि लगेच दुसऱ्या कंदिलात जाऊन अडकते. सरांना विचारलं, तिला अक्कल येत नाही का? सर माझ्याकडे बघून हसले. का हसले कळलं नाही.

परत येताना नदीकडे वळलो, कुंडलिकेला मोठं पाणी होतं, पुलावर उभा राहिलो. एक अख्खं फणसाचं झाड वाहत गेलं. मग जेवायची वेळ निघून गेली आणि मावशी बोलली.

८ सप्टेंबर

आज नदीपलीकडच्या अष्टमी गावात बैठक झाली. माळ आनंदीबाईंचा आहे. पुलापलीकडे त्यांचं घर, ओटीवर झोपाळा, त्या झोपाळ्यावर नाही बसत, खुर्चीत बसतात, गुडघे गेलेत. त्यांच्या वरकस जमिनीचं गवत वाडीवाले पिढ्यान्‌पिढ्या कापतात. दसरा झाला की विळे निघतात. सरांचं म्हणणं असं की वेलाच्या शेंगा नेमक्या तेव्हाच लागलेल्या असतात, हिरव्या. गवताबरोबर त्या म्हशीच्या पोटात जातात. म्हणून नवा वेल उगवत नाही, जुने कंद तेवढे तग धरून आहेत, आणि तेही एकेक कमी होतायत.

मावशी वाडीतर्फे आली होती, नवं लुगडं नेसून. सर समजावत होते, मावशी ऐकत होती.

"म्हंजे आमी काय कराचं?"

"ती एक उतरण सगळ्यात शेवटी कापायची. शेंगा पिकून फुटल्या की मग खुशाल कापा. सगळ्यांनी मिळून केलं तरच होईल हे."

"आन गवताचा काथ्या झाला तं? म्हस तोंड लावंल काय? तुमी खाल?"

आनंदीबाई हसल्या. म्हणाल्या, "ठमे, एक वर्ष थांबून बघू. मास्तर एवढे तीनदा आले." मावशीने जरा वेळ ओटीकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं. थांबतो. पन शेंगा फुटल्या का नाय ते कोन सांगनार?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी म्हणाली, "ह्यो? ह्याला जेवन कवा झालं ते ठावं नसतं."

पण ठरलं. मालकीण, वाडी आणि सर, तिघांचं मिळून. मला बरं वाटलं. मला कधी कोणी काही सोपवलं नव्हतं.

१२ सप्टेंबर

गवत छातीला लागलंय. त्यात वेल मलाच सापडेनात. विळा चुकून चालला तर? म्हणून खूण करायची ठरवली. हिरव्यात उठून दिसेल असा रंग पाहिजे. ताईकडे कापड मागितलं, तिने तिचा जुना लाल परकर दिला. "सासूला सांगू नको," म्हणाली, "तिला वाटेल धडका परकर फाडला." चिंध्या केल्या, काठ्यांना बांधल्या, वेलाशेजारी रोवल्या. सहा झाल्या. सातव्याला कापड पुरलं नाही, नाडीच उरली होती. तो वेल तसाही लांब आहे, कातळाच्या कडेला, गवताच्याच काड्यांना वेटोळं घालून चढलेला. नंतर बघू.

लांबून छान दिसतात. उतरणीवर सहा लाल ठिपके. मी बराच वेळ बघत बसलो.

२९ सप्टेंबर

गणपतीत लिहिलं नाही. पेणला होतो, आमच्या जुन्या कारखान्यातली शेवटची गाडी भरायला माणूस कमी होता. मग विसर्जन. मग कबड्डीचे सामने. सरांच्या आईला बरं नाही म्हणून सर सांगलीला गेलेत, कधी येतील सांगता येत नाही.

शेंगा धरल्या. जोडीजोडीने, बकरीच्या शिंगांसारख्या. सर म्हणाले होते, पिकल्या की तपकिरी होतात, उभ्या चिरतात, आणि आतून रुईसारख्या म्हाताऱ्या उडतात. अजून हिरव्यागार आहेत.

आज चवथ्या वेलाजवळ नारळाची अर्धी कवड पडली होती. कोणी टाकली कोण जाणे. ताजी होती, खाल्ली. गोड होती.

४ ऑक्टोबर

आज पण खोबरं मिळालं. शिवाय दुसऱ्या काठीखाली उदबत्तीचं पुडकं आणि तांदूळ. वाटलं, कोणाची तरी पूजेची पिशवी फाटली असेल. तांदूळ चिमण्यांनी खाल्ले.

गुणाजीबाबा भेटले वाटेत. वाडीतले सगळ्यात म्हातारे. पायातल्या चपला हातात घेऊन माळावरून उतरत होते. म्हटलं, "बाबा, काटे रुततील की." तर म्हणाले, "तुला ठावंच हाय मंग कशाला इचारतोस?" आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हातारा वयाने जरा भ्रमिष्ट झालाय.

वाडीत हल्ली माझ्याशी सगळे बरे वागतात. काल जनूच्या घरी न मागता चहा मिळाला.

७ ऑक्टोबर

शेंगा हिरव्याच. रोज तेच. रोज वर जायचं, शेंगांकडे बघायचं, खाली यायचं. माणूस किती बघणार? नाक्यावर आमचा जुना ड्रायव्हर भेटला, महाडला माल घेऊन चाललाय. चल म्हणाला. परवा परत येतो असं ताईला सांगितलंय. दोन दिवसांत शेंगांना काय होतंय.

१४ ऑक्टोबर

परवाचे सात दिवस झाले. महाडहून गाडी चिपळूणला गेली, तिथे स्प्रिंगचा पाटा तुटला. उगाच खोटं कशाला, पाटा दुसऱ्या दिवशीच बसला होता, पण तिकडे वाशिष्ठीच्या काठाला एक माणूस मगरी दाखवतो असं कळलं. मगर दिसली नाही.

आज संध्याकाळी पोचलो. काल घट बसले. घरात उपास, पण मावशीने माझ्यासाठी वाटीत काहीतरी झाकून ठेवलं होतं. "खा, परसाद हाय." उकडलेल्या कंदाच्या फोडी, मीठ लावलेल्या. बटाट्यासारखं, पण जरा दुधाळ, मागाहून गोडसर. कसला कंद ते विचारायचं राहिलं. आवडला. मावशी माझ्याकडे अशी बघत होती जशी कधी बघत नाही.

ताई मात्र चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती. बोललीच नाही. माझ्यावर रागावली असेल, एवढे दिवस गेलो म्हणून.

१५ ऑक्टोबर

लिहायला बसलोय आणि लिहवत नाही.

सकाळी वर गेलो. सहाही काठ्यांभोवती गवत उपटून, माती चोपून, शेणाने सारवलेलं गोल अंगण. मध्ये दगड. दगडाला शेंदूर. काठी तशीच, चिंधीला हळदकुंकू. एवढं स्वच्छ की एक काडी नाही.

एक काडी नाही म्हणजे वेल पण नाही.

मी एका अंगणात बसलो. सारवण अजून ओलसर होतं, त्यावर बोटांचे फराटे. कोणीतरी मन लावून सारवलं होतं. मग दुसऱ्याकडे गेलो, तिसऱ्याकडे. सहाव्यापर्यंत गेलो, जसं काही सहाव्याला वेगळं असणार होतं.

शेंगा उपटलेल्या गवताच्या ढिगात होत्या. हिरव्या, सुकून सुरकुतलेल्या. खिशात घातल्या. त्यांचं काही होत नाही हे मला माहीत आहे.

खाली आलो, मावशीला विचारलं, हे कोणी केलं. म्हणाली, "आमी बायांनी. देवाची जागा रानात कशी ठेवायची? पाक कचरा झाला व्हता. गुनाजीबाबांनी दगूड बसवला. बसवाला खनलं तं खाली खरपुडीचं कंद निघालं, सा ठिकानी सा. त्यांनी सांगितलं परसाद हाय, वाडीभर वाटा. तुझा वाटा मी राखून ठेवला."

मी परसदारी गेलो आणि ओकायचा प्रयत्न केला. काही आलं नाही.

१६ ऑक्टोबर

गुणाजीबाबांकडे गेलो. म्हटलं, बाबा, त्या काठ्या मी रोवल्या. खुणेसाठी. तिथे देव नाही.

म्हातारा तंबाखू मळत होता. "तू रोवल्यास ते वाडीला ठावं हाय. सगल्यांनी बघितलं तुला."

"मग?"

"मंग काय? त्याच जागेवर का रोवल्यास? एवढा माळ पडलाय."

"तिथे वेल होते म्हणून."

"आन येल तिथंच का व्हते?"

म्हातारा स्वतःच्याच प्रश्नावर खुश झाला. "माज्या आज्याच्या टायमाला माळाची राखन द्यायचे, कोंबडा आन नारल. मंग बंद झाली. जागाच कोनला आठवंना. दोन साल वाडीत काय नीट हाय? म्हशी मेल्या, जनूचा पोर गेला. आन मंग तू आलास, कुठला कोन, दिसभर माळावर बसतोस, कामधंदा नाय, आन एक दिस लाल निशानं लावतोस. तुला कोनी सांगितलं?"

"भाटे सरांनी."

"त्यानला कोनी?"

मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगतो ते कापड कसलं आहे. म्हातारा म्हणाला, सांग की.

घरी आलो तर ताईने मला पडवीत ओढलं. "मिथ्या, तुझ्या पाया पडते. कापड कोणाचं ते बोलू नको."

"का गो?"

"का काय? सगळी वाडी माझ्या परकराला हात जोडतेय. सासूने काल डोकं टेकलं. कळलं तर मला घरात ठेवतील? ह्या पोटासकट?"

तिला हसू पण येत होतं आणि रडू पण. दोन्ही एकदम आलं. मग आम्ही दोघं थोडा वेळ तोंडात पदर आणि बाही कोंबून बसलो. हसून झाल्यावर ती म्हणाली, "शपथ घे." मी घेतली.

म्हणजे आता मी बोलायचं पण नाही.

१७ ऑक्टोबर

सातवा आहे.

काल दिवसभर मला त्याची आठवण पण झाली नव्हती. आज सकाळी झोपेतून उठताना आठवला आणि तसाच पळत गेलो. कातळाच्या कडेला, गवतात. काठी नाही, चिंधी नाही, म्हणून कोणी बघितलाच नाही. वेटोळं तसंच. शेंगांच्या तीन जोड्या. हिरव्या.

सरांना सांगलीला फोन लावला, स्टेशनाजवळच्या बूथवरून. सहा गेले म्हणून सांगितलं. सरांनी विचारलं, "कंदासकट?" मी हो म्हटलं. मी खाल्ला ते सांगितलं नाही.

"सातवा?"

"आहे."

"त्याला खूण कर."

मी म्हटलं, नको सर. कारण सांगितलं. विचारलं, शेंग तोडून घरात पिकवू का, पेंढ्यात घालून? म्हणाले, तो आंबा नाही. कंद हलवू का? हलवला तर शेंगा गळतील. मग काय करू? म्हणाले, "आनंदीबाईंना भेट. त्यांनी शब्द टाकला तर उतरण थांबेल. मला आईला सोडून निघता येत नाही रे." त्यांचा आवाज एकदम म्हातारा वाटला. मागे कोणीतरी कण्हत होतं.

१९ ऑक्टोबर

अष्टमीला गेलो. दारात आनंदीबाईंचे पुतणे, पुष्कर. मुंबईहून आलेत. मी म्हटलं, मालकीणबाईंना भेटायचंय, माळाचं आहे.

"काय माळाचं?"

"गवत जरा उशिरा कापायचं होतं. ठरलं होतं तसं."

"कशासाठी?"

मी म्हटलं, एका वेलाच्या शेंगा पिकायच्यात. माझं मलाच ते कसंतरी ऐकू आलं. ते वाईट बोलले नाहीत. काकूंना ताप आहे, कोणाला भेटत नाहीत, बरं वाटलं की सांगतो त्यांना, असं म्हणाले. मग विचारलं, "तिथे काहीतरी देवस्थान निघालंय ना? ते काय आहे?" मी म्हटलं, मला माहीत नाही.

खोटं बोलावं लागलं म्हणून नाही, पण परत येताना पुलावर थांबलो नाही.

२२ ऑक्टोबर

परत गेलो. ओटीवर कोणी नव्हतं. मोलकरीण म्हणाली बाई झोपल्यात. तासभर पायरीवर बसलो. झोपाळ्याची कडी वाऱ्याने करकरत होती.

२४ ऑक्टोबर

दसरा झाला. विळे निघाले. पश्चिमेच्या अंगाने सुरुवात केलीय. जेवताना मावशी म्हणाली, "हिकडचं झालं का उगवतीची उतरन घेऊ."

"मावशी, ती शेवटी घ्यायची ठरलं होतं. आनंदीबाईंसमोर."

"ठरलं व्हतं. तुझ्या येलासाठी. येल हाय कुठं आता? देवाच्या सा जागा सोडून कापतो की. आन गवात बघ कसं पिवलं पडाय लागलं. अजून धा दिस गेलं तं म्हस बसवून खिलवायला तू येशील?"

तिचं काही चूक नाही. म्हैस गाभण आहे, दूध त्याच गवतावर. मी आमटीत भात कालवत राहिलो. मग म्हटलं, "समज एखादा वेल राहिला असला तर?"

मावशीचा हात थांबला. डोळे मोठे झाले. "राह्यलाय?"

"समज म्हटलं."

"राह्यला आसंल तं देवानंच राखला. मंग तिथं पन सारवून घेऊ, दगूड बसवू. कोन पाय देनार नाय त्यावर. तू नुसती जागा दाखव."

तिने एवढ्या मायेने सांगितलं. मी म्हटलं, नाही, काही नाही राहिलं.

२७ ऑक्टोबर

शेंगांचं एक टोक तपकिरी झालंय. एकाच शेंगेचं. नखाएवढं. तासभर त्याच्याकडे बघितलं. बघून ते वाढत नाही.

कापायचं झालं की त्या उतरणीवर गुरं सोडणार. म्हणजे विळ्यातून वाचवला तरी गुरांतून नाही. कुंपण घातलं तर लोक विचारणार आत काय आहे. काही सुचत नाही. पूर्वी असं झालं की मी निघून जायचो. आज सकाळी नाक्यावर एक गाडी उभी होती, गोव्याला चाललेली, क्लीनर नव्हता. मी गाडीला हात लावून उभा राहिलो आणि परत आलो. कशासाठी परत आलो, ते मला नीट सांगता येणार नाही.

३० ऑक्टोबर

माळावर बसून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

पहाटेच आलो, बाया यायच्या आधी. सातव्या वेलाला पाठीशी घेऊन गवतात मांडी घातली. दुसरं काही सुचलं नाही. दोन शेंगा आता अर्ध्याहून जास्त तपकिरी झाल्यात. आणखी चार उन्हं मिळाली तर. किंवा आठ. मला काय कळतं.

बायांनी खालून सुरुवात केली. ओळ धरून वर सरकतायत. त्या गप्पा मारत कापतात, आणि मी इथे बसलोय हे त्यांना लगेच दिसलं.

"काय रं मिथुन, अंडी उबवतोस काय?"

"गिरजे, त्याला नको बोलूस गो. तो देवाचा मानूस हाय."

"देवाच्या मानसानं हातात इला धरला तं देव नको बोलतो काय?"

सगळ्या हसल्या. मी पण हसलो. हसल्याशिवाय कसं बसणार.

ऊन चढलं. सहा अंगणांभोवतीचं गवत त्यांनी हळू, हाताने बाजूला धरून कापलं. चिंध्यांना पाय लावू दिला नाही. आता उतरणीवर ती सहा गोल अंगणं उघडी पडलीत, बाकी सगळं भुंडं, आणि वरच्या बाजूला मी बसलोय तेवढा एक पट्टा उभा आहे. मावशी माझ्यापासून गोठ्याच्या लांबीएवढ्या अंतरावर आली आहे.

"ऊठ रं पोरा. तेवढं राह्यलंय."

"जरा बसू दे मावशी. पाय दुखतात."

"दोन घटका झाल्या तुझं पाय दुखतात." तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग माझ्या मागे बघायला मान वाकडी केली. मी पण मान वाकडी केली, आड. तिला काय दिसलं माहीत नाही. ती विळा घेऊन तिथेच उकिडवी बसली, पान काढलं, खायला लागली. ती किती वेळ पान खाईल?

आता खालून कोणीतरी हाका मारतंय. वाऱ्यामुळे शब्द कळत नाहीत. खालच्या बाया वरच्या बायांना ओरडून सांगतायत, त्या त्यांच्या वरच्यांना.

"कोन आलं?"

"पाव्हनी आलीया म्हनं. रिक्षा आलीया पार आंब्याखाली."

"देवाला आली आसंल. काल धाटावची मानसं नाय आली?"

"नाय गो. खुर्ची उतरवली रिक्षेतून. पुष्करशेट हायेत संगं."

मावशी उठून उभी राहिली. डोळ्यांवर हात धरला. खाली खूप लांब, आंब्याच्या सावलीत काहीतरी पांढरं दिसतंय. खुर्चीत बसवलेलं. दोन माणसं तिला उचलायला बघतायत आणि परत खाली ठेवतायत. चढण उभी आहे, दगड सुटतात, इथवर कोणी तिला आणू शकणार नाही.

"आनंदीबाय," मावशी म्हणाली. तिने पदर सारखा केला. विळा हातातच आहे. ओळीतल्या बाया थांबलेल्या नाहीत, गिरजाबाई माझ्या उजव्या हाताचं गवत धरून कापतेय.

आता निरोप माझ्यापर्यंत आलाय. जो पोरगा दोनदा दारात येऊन गेला त्याला बाई खाली बोलावतायत, त्याचं काय म्हणणं आहे ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय.

"जा की," मावशी म्हणते. "एवढी मोठी बाई तापातून उठून आलीया तुज्यासाठी. तुझी जागा कोन पलवतंय?"